पुणे नगरपालिकेतील सत्यशोधक

पुण्यातील महात्मा फुले मंडई माहीत नाही, असा पुणेकर सापडणे कठीण. अष्टकोनी मनोरा असलेली ही दगडी वास्तू १८८६ मध्ये बांधून पूर्ण झाली, तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती 'रे मार्केट' म्हणून ओळखली जात असे. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले. या नामकरणात एक विसंगती आहे आणि ती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. मंडईवर होणाऱ्या खर्चाला खुद्द जोतीरावांचाच विरोध होता. गोरगरिबांची मुले शाळेवाचून राहिलेली असताना शहराचा पैसा अशा भव्य इमारतीत घालू नये, तो शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे मत होते.

स्त्रीशिक्षणाचे आद्य प्रवर्तक, सत्यशोधक समाजाचे संस्थापक, 'गुलामगिरी' आणि 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांचे कर्ते म्हणून जोतीराव महाराष्ट्राला परिचित आहेत. मात्र १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि तेथेही त्यांनी आपला स्वभाव सोडला नाही, ही बाजू चरित्रग्रंथांत थोडक्यात येते आणि जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत बहुधा राहून जाते. सार्वजनिक पैशावर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला. नगरपालिकेच्या सभेत तो त्यांनी कारभाऱ्यांच्या समोर बसून विचारला.

फुलांच्या व्यवसायातून शाळेकडे

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात आल्यावर पेशव्यांना फुले पुरविण्याच्या व्यवसायावरून ते फुले झाले. आई चिमणाबाई लहानपणीच निवर्तल्या. वडील गोविंदराव यांनी मुलाला शाळेत घातले खरे. पण माळ्याच्या मुलाला शिक्षण कशाला, या लोकांच्या बोलण्यामुळे ते काही काळ सुटले. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांचे मन वळविले, म्हणून १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. तेथे १८४७ पर्यंत त्यांचे शिक्षण झाले. याच सुमारास थॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ त्यांच्या वाचनात आला. माणसाचे हक्क ही राजाने दिलेली देणगी नसते, हा विचार त्यांच्या मनात पक्का बसला.

१८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जातीवरून त्यांचा अपमान झाला. त्याच वर्षी बुधवार पेठेतील भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्याची किंमतही दोघांना मोजावी लागली. समाजाच्या दडपणाखाली गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. तरीही शाळा वाढत गेल्या. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा सुरू झाल्या. १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला.

दक्षिणेचा पैसा

सार्वजनिक पैशाच्या वाटपाचा प्रश्न जोतीरावांपुढे प्रथम आला तो नगरपालिकेत नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी, दक्षिणा फंडाच्या वादात. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत असत. पेशवाई गेल्यानंतर इंग्रज सरकारनेही वर्षाला पन्नास हजार रुपये ठेवून ती प्रथा एका मर्यादेत चालू ठेवली होती. या रकमेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा, असा अर्ज १८४९ मध्ये लोकहितवादींसह काही सुधारकांनी सरकारकडे केला. त्यावरून सनातनी मंडळी खवळली आणि अर्ज करणाऱ्यांच्या जिवाला धोका निर्माण झाला. त्या वेळी बावीस वर्षांचे जोतीराव महार-मांग समाजातील तरुणांना बरोबर घेऊन सुधारकांच्या संरक्षणासाठी उभे राहिले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे.

पुढे याच दक्षिणा फंडातून जोतीरावांच्या शाळांना दरमहा ७५ रुपयांचे साहाय्य मिळू लागले. एका विशिष्ट वर्गासाठी राखून ठेवलेला पैसा मुलींच्या शाळेकडे वळला. तिजोरी रयतेच्या करातून भरते, तेव्हा तिच्यावर रयतेचा हक्क आहे. आणि तो हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही, हा धडा त्यांना येथे मिळाला असावा.

नगरपालिकेत प्रवेश

पुणे नगरपालिका १८५७ मध्ये स्थापन झाली. प्रारंभीच्या काळात सभासद निवडून येत नसत, सरकार त्यांची नेमणूक करीत असे. सरकारी अधिकारी, सरदार, सावकार, पेन्शनर आणि प्रतिष्ठित नागरिक यांचा तो मेळा होता. ज्या वस्त्यांत पाणी पोहोचत नव्हते, कचरा उचलला जात नव्हता, तेथील रहिवाशाला सभागृहात स्थान मिळण्याची शक्यता जवळजवळ नव्हती.

१८७६ मध्ये जोतीरावांची सभासद म्हणून नेमणूक झाली, तेव्हा त्यांचे वय एकोणपन्नास होते. तोवर त्यांच्या नावावर बरेच कार्य जमा झाले होते. १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना त्यांनी ती अर्पण केली होती. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. याशिवाय ते व्यवसायाने कंत्राटदार होते. खडकवासला धरण, येरवड्याचा पूल अशा कामांशी त्यांचा संबंध आला होता. सरकारी बांधकामात पैसा कसा खर्ची पडतो, मजुराच्या हातात किती पडतो आणि मध्ये कोठे मुरतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. अंदाजपत्रकाचे आकडे वाचताना या अनुभवाचा उपयोग त्यांना नक्कीच झाला असणार.

त्यांच्या सभासदत्वाची पहिली दोन वर्षे दुष्काळाची होती. १८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनच्या खेड्यांतून उपाशी माणसांचे तांडे पुण्याकडे येत होते. १८७७ मध्ये जोतीरावांनी सत्यशोधक समाजाच्या सहकाऱ्यांसह धनकवडीच्या छावणीत दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालविले आणि त्यासाठी लोकांना मदतीचे आवाहन केले. हे काम नगरपालिकेचे नव्हते. परंतु सभागृहात बसून शहराच्या शोभेची चर्चा ऐकताना त्यांच्या डोळ्यांपुढे कोणती माणसे असत, हे त्यावरून समजते.

एक हजार रुपयांचा प्रश्न

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेला प्रसंग व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीचा. लिटन १८७६ ते १८८० या काळात व्हाइसरॉय होते. देशात दुष्काळ असताना १८७७ मध्ये दिल्ली दरबार भरविणारे आणि १८७८ मध्ये देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणणारे ते हेच. त्यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या निधीतून एक हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव पुढे आला. सभागृहात बत्तीस सभासद होते. सरकारनियुक्त सभासदांनी सरकारच्या सर्वोच्च प्रतिनिधीच्या स्वागताला विरोध करावा, अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती.

जोतीरावांनी तो केला. हा पैसा करदात्यांचा आहे, तो पाहुण्याच्या स्वागतावर उधळण्याऐवजी गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, अशी भूमिका त्यांनी मांडली. मतदान झाले तेव्हा प्रस्तावाच्या विरोधात एकट्या जोतीरावांचे मत पडले. ठराव संमत झाला.

त्या काळातील एक हजार रुपयांची किंमत समजून घ्यायला हवी. जोतीरावांच्या शाळांना दरमहा ७५ रुपये मिळत होते, म्हणजे वर्षाला नऊशे. मुलींच्या शाळांना वर्षभर पुरले असते त्याहून अधिक साहाय्य एका स्वागतावर खर्च होणार होते. जोतीरावांचा विरोध साम्राज्याच्या पाहुण्याला होता, त्याहून अधिक या हिशेबाला होता.

हा पैसा येत होता कोठून? नगरपालिकेच्या उत्पन्नात जकातीचा वाटा मोठा होता. शहरात येणाऱ्या मालावर ती आकारली जाई. म्हणजे धान्य, जळण विकत घेणारा गरीबही नगरपालिकेची तिजोरी भरत होता आणि बैलगाडी घेऊन पुण्यात येणारा शेतकरीही भरत होता. पुढे 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जोतीरावांनी शेतकऱ्याच्या मालावर जकात घेणाऱ्या नगरपालिकांवर कडक टीका केली, ती एका माजी सभासदाची टीका होती. कर सर्वांकडून घ्यायचा आणि खर्च मात्र मोजक्यांच्या सोयीचा करायचा, ही रीत त्यांनी आतून पाहिली होती.

दारूची दुकाने

दुसरा प्रसंग १८८० चा. पुण्यात दारूच्या दुकानांची संख्या वाढत होती. अबकारी उत्पन्न मिळत असल्याने सरकारला त्यात वावगे वाटत नव्हते. दुकाने कोणत्या वस्त्यांत निघत होती आणि कोणाचे संसार उद्‌ध्वस्त होत होते, हे जोतीरावांना दिसत होते. त्या वर्षीच्या जुलैमध्ये त्यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीला पत्र लिहून हा विषय उपस्थित केला. शहराच्या आरोग्यावर नगरपालिका पैसा खर्च करते आणि त्याच शहरात लोकांचे आरोग्य बिघडविणारी दुकाने वाढू दिली जातात, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली.

या पत्रामागची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. व्यसनमुक्तीची व्याख्याने तेव्हाही होत असत. जोतीरावांनी व्याख्यानावर न थांबता कारभाराच्या कागदावर प्रश्न आणला. आरोग्य हे नगरपालिकेचे काम आहे, असे एकदा मान्य केले की दारूचे दुकान हा तिच्या कामकाजाचा विषय होतो. नागरिकाचे गाऱ्हाणे सभेच्या नियमांत बसवून मांडायचे, म्हणजे ते टाळणे कारभाऱ्यांना अवघड जाते, ही जाण त्यांच्याकडे होती.

हंटर आयोगापुढे

शिक्षणाची पाहणी करण्यासाठी सरकारने १८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्यापुढे जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपले निवेदन सादर केले. या निवेदनाखाली त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी दिली आहे. ग्रंथकार किंवा समाजसुधारक अशी ओळख त्यांनी तेथे दिलेली नाही. करदाता आणि कारभारी या दोन्ही नात्यांनी ते बोलत होते.

सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणाच्या खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे त्यांनी सुचविले. प्राथमिक शिक्षकाला दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, असेही त्यांचे म्हणणे होते. अस्पृश्यांच्या मुलांना शाळेत बसू दिले जात नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले आणि त्यांची वस्ती मोठी असेल तेथे त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा काढाव्यात, अशी मागणी केली.

नगरपालिकांविषयी त्यांनी जे लिहिले, ते आजही विचार करायला लावणारे आहे. मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी उचलावा. परंतु शाळांचा कारभार सर्वस्वी त्यांच्या हाती देऊ नये, त्यावर शिक्षण खात्याची देखरेख असावी, असे त्यांनी सांगितले. सहा वर्षे सभागृहात बसलेल्या माणसाचा हा निष्कर्ष होता. स्थानिक कारभार म्हणजे आपोआप न्याय्य कारभार, असा भाबडेपणा त्यांच्याकडे नव्हता. गावातील सत्ता ज्यांच्या हाती, त्यांच्याच हाती शाळेच्या किल्ल्या गेल्या, तर महार-मांगांच्या मुलांसाठी दार उघडेलच याची खात्री त्यांना वाटत नव्हती.

त्याच वर्षी, १८ मे १८८२ रोजी, लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध झाला होता. त्यानंतर नगरपालिकांत लोकनियुक्त सभासदांना स्थान मिळू लागले; मताधिकार मात्र मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींनी मर्यादित होता. ज्यांच्या वतीने जोतीराव एकटे बोलत आले, त्यांच्यातील फार थोड्यांना या बदलाने मत मिळाले. निवडणूक आली म्हणजे प्रतिनिधित्व आले, असे होत नाही, हे त्यातून दिसून आले.

अखेरची वर्षे

नगरपालिका सुटली तरी अधिकाऱ्यांसमोर उभे राहून बोलण्याची सवय सुटली नाही. टिळक आणि आगरकर हे वैचारिकदृष्ट्या जोतीरावांच्या विरुद्ध गोटातले. कोल्हापूर प्रकरणात त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा जोतीरावांनी रामशेठ उरवणे यांच्यामार्फत त्यांच्या जामिनाची व्यवस्था केली आणि ऑक्टोबर १८८२ मध्ये ते डोंगरीच्या तुरुंगातून सुटले त्या वेळी सत्यशोधकांनी त्यांचा सत्कार केला. विरोधकालाही आपले म्हणणे छापण्याचा हक्क आहे, हे त्यांनी कृतीने दाखविले.

२ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी मेजवानी दिली. दागदागिन्यांनी सजलेल्या पाहुण्यांत जोतीराव सामान्य शेतकऱ्याच्या वेषात आले आणि येथील थाटमाट पाहून खरा हिंदुस्थान कळणार नाही, तो खेड्यांत आहे, अशा आशयाचे भाषण त्यांनी केले. लिटन यांच्या स्वागताच्या वेळी एकट्याने घेतलेली भूमिका त्यांनी येथे राजपुत्रापुढे मांडली. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यातील सभेत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. थोड्याच दिवसांत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात निकामी झाला, तरी डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' हा ग्रंथ लिहून पूर्ण केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

हौदापासून तळ्यापर्यंत

जोतीरावांच्या निधनानंतर पस्तीस वर्षांनी, १९२५ मध्ये, त्यांचा पुतळा उभारण्याचा विषय पुणे नगरपालिकेत आला. ब्राह्मणेतर पक्षाच्या सभासदांनी तो लावून धरला. त्याला कडवा विरोध झाला आणि त्या वेळी पुतळा उभा राहिला नाही. ज्या नगरपालिकेत जोतीराव एकटे पडले होते, तेथे त्यांची स्मृतीही एवढ्या वर्षांनी अल्पमतात राहिली.

परंतु प्रश्न पुढे सरकत होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव संमत करून घेतला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांसाठी खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या मालकीचा हौद खुला केला होता. सार्वजनिक मालकीचे तळे खुले होण्यासाठी ठराव, सत्याग्रह आणि न्यायालय अशा तीन पायऱ्या चढाव्या लागल्या. आंबेडकरांनी जोतीरावांना आपले गुरू मानले, त्यामागे हाही धागा आहे.

आज चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीमुळे नगरपालिकांना घटनात्मक स्थान आहे, प्रत्येक प्रौढाला मत आहे, दलित, मागास आणि महिलांसाठी जागा राखीव आहेत. अंदाजपत्रक पाहण्याचा, माहिती मागण्याचा अधिकार सामान्य नागरिकालाही आहे. तरी २०२२ मध्ये मुदती संपल्यानंतर पुणे-मुंबईसह राज्यातील अनेक महापालिकांचा कारभार काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळात सभागृहे रिकामी होती, आणि खर्चाला सभागृहात विरोध नोंदविणारे कोणी नव्हते.

जोतीरावांच्या पदरी मत एकच होते आणि तेही सरकारच्या नेमणुकीने मिळालेले. ते मत हरले. एक हजार रुपये खर्च झाले. त्या स्वागतासाठी उभारलेल्या कमानी कोणाच्या स्मरणात नाहीत. विरोधात पडलेले एक मत मात्र अजून सांगितले जाते. मंडईत भाजी घेताना त्या नावाकडे पाहिले, तर आपल्या शहराचा पैसा कोठे जातो, हे विचारण्याची आठवण प्रत्येक करदात्याला व्हायला हरकत नाही.